हिवाळ्यातील ट्रेल सायकलिंग : एकाच चाकाचे पंक्चर पुन्हा पुन्हा का होते आणि त्यावर काय करावे

दिवाळी सरली की देशावर ट्रेल सायकलिंगचा खरा हंगाम सुरू होतो. वाटांवरचा चिखल वाळून घट्ट झालेला असतो, ओढ्यांतून सायकल हातात न उचलता पार होता येते आणि सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन अंगाला लागत नाही. मात्र याच चार महिन्यांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, दिवे घाटाच्या वर सासवडकडे, मल्हारगडाच्या पायथ्याला, भुलेश्वर किंवा जेजुरीच्या माळांवर हौसेने सायकल नेणाऱ्यांकडून एकच तक्रार सतत ऐकू येते. शनिवारी वाटेत चाक बसले, दुकानात पंक्चर काढून घेतले, रविवारी सकाळी पाहिले तर तेच चाक पुन्हा बसलेले. ट्यूब बदलली, तरी दोन दिवसांनी तेच. कोणी टायरला दोष देतो, कोणी दुकानदाराला, कोणी सायकललाच. आणि काही जण कंटाळून हा छंदच सोडून देतात, याचे फार वाईट वाटते, कारण या समस्येचे कारण बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या शांत तपासणीत सापडते.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: भोक कोठे आहे आणि ते कशामुळे पडले हे कळेपर्यंत ठिगळ लावू नये. पुन्हा पुन्हा होणारे पंक्चर हे बहुधा नवे पंक्चर नसतेच. पहिल्या वेळचे कारण टायरमध्ये किंवा रिममध्ये तसेच राहिलेले असते आणि ते नव्या ट्यूबला नव्याने भोक पाडते.

हिवाळ्यातच हा त्रास का वाढतो

सह्याद्रीच्या माथ्यावर, ताम्हिणी किंवा मुळशीच्या बाजूला पाऊस प्रचंड पडतो आणि वाटा दाट झाडीतून जातात. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस कमी होतो आणि पर्जन्यछायेच्या माळरानांवर बाभूळ, हिवर, बोर आणि वेडी बाभूळ यांचे राज्य सुरू होते. बाभळीचे काटे पानांच्या बुडाशी जोडीने येतात; ते सरळ, पांढुरके असतात आणि कोवळ्या झाडांवर त्यांची लांबी पाच ते सात सेंटिमीटरपर्यंत जाते. ओल्या दिवसांत काटा फांदीवर असतो. हिवाळ्यात तो वाळून टणक होतो आणि वाटेवर येतो.

तो वाटेवर कसा येतो, हे समजून घेतल्याने पंक्चर निम्म्याने टळतात असा माझा अनुभव आहे. आपण ज्यांवर आनंदाने सायकल चालवतो त्या बहुतेक वाटा मुळात पाणंदी किंवा गाडीवाटा आहेत. पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही कडांची झुडपे वाढून वाट अरुंद होते आणि सुगीच्या आधी बैलगाडी व ट्रॅक्टर जावा म्हणून शेतकरी ती छाटतात. छाटलेल्या फांद्या बाजूला ओढून नेल्या तरी सुटे काटे चाकोरीत पडून राहतात. पिकाला कुंपण म्हणून बोरीच्या किंवा बाभळीच्या फांद्या शेताच्या कडेला रचल्या जातात, त्यांचेही तुकडे वाऱ्याने आणि जनावरांच्या पायांनी वाटेवर येतात. मेंढपाळ आपल्या शेळ्यामेंढ्यांना पाला मिळावा म्हणून बाभळीच्या फांद्या तोडून खाली टाकतात. पाला संपतो, काटेरी डहाळ्या तेथेच राहतात. वाटेच्या मधोमध पाला ओरबाडलेली, वाळलेली डहाळी दिसली की पुढचे दहा-वीस पावलांचे अंतर उतरून, सायकल उचलून चालावे. तेवढ्याने खूप काही वाचते.

दुसरा काटा सराट्याचा. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारी, पाच पाकळ्यांच्या छोट्या पिवळ्या फुलांची ही वनस्पती हिवाळ्यापर्यंत वाळून दिसेनाशी होते, पण तिची फळे मातीत राहतात. फळ पिकल्यावर पाच तुकड्यांत फुटते आणि प्रत्येक तुकड्यावर दोन लांब, टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वरच्या दिशेला राहतो. सराटे उघड्या, तुडवलेल्या जमिनीवर वाढतात: रस्त्याच्या कडेला, मैदानांच्या काठाला, खळ्याजवळ, देवळासमोरच्या मोकळ्या जागेत. नेमक्या याच जागी आपण विश्रांतीला थांबतो आणि सायकल आडवी टाकतो किंवा ढकलत कडेला नेतो. म्हणून ट्रेलवर सुखरूप पोहोचलेले चाक चहाच्या टपरीजवळ बसते. बुटांच्या तळव्यांत रुतलेले सराटे घरच्या पार्किंगपर्यंत येतात, हेही लक्षात ठेवावे. एका ठरावीक जागी उभी केलेली सायकल वारंवार पंक्चर होत असेल तर आधी ती फरशी झाडून घ्यावी.

बाभळीचा आणि सराट्याचा काटा यांतला फरक पुढच्या तपासणीला उपयोगी पडतो. सराट्याचा काटा आखूड असतो, टायरवर डोळ्यांना दिसतो आणि एका वेळी पाच-सहा ठिकाणी रुततो. बाभळीचा काटा लांब असतो, आत गेल्यावर बाहेरच्या बाजूला मोडतो आणि त्याचे टोक रबरात असे बसते की बाहेरून काहीच दिसत नाही. वारंवार होणाऱ्या पंक्चरमागे माझ्या मते सर्वांत मोठा वाटा या मोडलेल्या टोकाचा आहे.

ट्यूब काढण्याआधी खूण करावी

बहुतेक लोक चाक खोलल्याबरोबर ट्यूब ओढून बाहेर काढतात, आणि तेथेच सर्वांत मौल्यवान माहिती हरवते. टायर रिमवरून उतरवण्यापूर्वी, व्हॉल्व्ह टायरवरच्या कोणत्या अक्षरासमोर आहे हे पाहून तेथे खडूने खूण करावी. टायर नवा बसवताना त्यावरील कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असा बसवण्याची सवय केली, तर खूण करण्याचीही गरज उरत नाही. ट्यूबची उजवी आणि डावी बाजू कोणती, तेही लक्षात ठेवावे. आता ट्यूबवर भोक सापडले की व्हॉल्व्हपासून त्याचे अंतर मोजून टायरवर आणि रिमवर नेमकी तीच जागा शोधता येते. ही खूण नसेल तर काट्याचे टोक शोधण्यासाठी संपूर्ण टायर चाचपावा लागतो, आणि दमलेला माणूस तो अर्धाच चाचपतो.

ट्यूबमध्ये ती नेहमीच्या आकारापेक्षा थोडी अधिक फुगेल इतकी हवा भरावी आणि ती हळूहळू ओठांजवळून किंवा गालाजवळून फिरवावी. सकाळच्या थंड हवेत ओलसर ओठांना बारीक झोतही कळतो. तरीही सापडले नाही तर पाण्याची बादली आहेच. एक भोक सापडले म्हणून थांबू नये. सराट्यांच्या वाटेवरून आलेल्या ट्यूबला एकापेक्षा जास्त भोके असणे हे अगदी नेहमीचे आहे, आणि दुकानात घाईने एकच भोक बुजवून ट्यूब परत बसवली जाते हे ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर’ होण्याचे एक साधे कारण आहे.

भोक कोणत्या बाजूला आहे

ट्यूबची बाहेरची बाजू टायरच्या नक्षीला टेकते, आतली बाजू रिमला. भोक बाहेरच्या बाजूला, टाचणीने टोचल्यासारखे बारीक असेल तर तो काटा, काच किंवा तार. भोक आतल्या बाजूला असेल तर काट्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. रिममध्ये स्पोकच्या टोकांवरून एक पट्टी बसवलेली असते. ती सरकली, फाटली किंवा जीर्ण झाली की ट्यूब स्पोकच्या भोकात फुगून कापली जाते. चाक नुकतेच सरळ करून घेतले असेल तर स्पोकचे टोक पट्टीतून वर आले आहे का, हे बोट फिरवून पाहावे. पट्टी बदलणे हे स्वस्त काम आहे आणि ते केले नाही तर कितीही ट्यूबा बदलल्या तरी त्या त्याच जागी फुटत राहतील.

भोक व्हॉल्व्हच्या बुडाशी असेल तर दोन शक्यता असतात. हवा फार कमी ठेवून सायकल चालवल्याने टायर आणि ट्यूब रिमवर सरकतात आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन बूड फाटते. किंवा छोट्या हातपंपाने हवा भरताना पंप जोरात हलल्यामुळे तसेच घडते. रिमचे भोक मोठे आणि व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब बसवली असेल, तर भोकाची धारही ट्यूब कापते. बुडाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही. ती बदलावी.

ट्यूबवर शेजारी शेजारी दोन छोट्या चिरा दिसल्या, तर चाक दगडावर आपटताना ट्यूब रिमच्या दोन कडा आणि दगड यांच्यामध्ये चिमटली गेली आहे. याचा संबंध थेट हिवाळ्याशी आहे. हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. आदल्या दुपारी 30 अंश सेल्सिअसला टायरमध्ये 28 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तापमान 10 अंशांवर आले, तर एकही भोक नसताना दाब जवळजवळ 3 पीएसआयने उतरतो. ट्रेलवरच्या रुंद टायरमध्ये मुळातच हवा कमी असते, त्यामुळे हा फरक लहान नाही. पहाटेच्या पहिल्याच उतारावर काळ्या दगडाची धार लागली की ट्यूब चिमटते. सफरीला निघण्यापूर्वी, त्याच दिवशी, टायरमधला दाब गेज लावून पाहावा. बोटाने दाबून केलेला अंदाज रुंद टायरच्या बाबतीत फसवा असतो. साधारण 70 किलो वजनाच्या व्यक्तीने सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब वापरत असताना पुढे 28 ते 30 आणि मागे 30 ते 33 पीएसआयपासून सुरुवात करावी, आणि चिमटल्याच्या खुणा दिसल्या तर दोन-दोन पीएसआयने वाढवत न्यावे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. काट्यांचे पंक्चर टाळण्यासाठी टायर दगडासारखा कडक भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जास्त हवेने ट्यूब चिमटत नाही हे खरे आहे, परंतु काट्याला त्याने काहीही अडथळा होत नाही. उलट सुट्या मुरमावर टायरची पकड सुटते, वळणावर चाक घसरते आणि हात-मनगटे दुखून सफरीचा आनंद जातो. आधी भोकाचा प्रकार पाहावा, मग हवेचा निर्णय घ्यावा.

मोडलेले टोक शोधणे

ट्यूबवरील भोक बाहेरच्या बाजूला आहे असे ठरले, की खुणेच्या मदतीने टायरवरची जागा काढावी. प्रथम टायरच्या आतल्या बाजूने जुन्या सुती कापडाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. उघडे बोट थेट फिरवू नये. बाभळीच्या वाळलेल्या टोकाने बोटात खोल जखम होते आणि ती चिघळते. जेथे कापडाचा धागा अडकेल तेथे टोक आहे. कापड एकदा घड्याळाच्या दिशेने आणि एकदा उलट दिशेने फिरवावे, कारण तिरके बसलेले टोक एका दिशेने गुळगुळीत लागते.

कापडाला काही लागले नाही म्हणून टोक नाही असे समजू नये. टायर हातात मोकळा असताना रबर सैल असते आणि टोक रबराच्या जाडीत दडून बसते. हवा भरून सायकलवर वजन आले की रबर दबते आणि टोक एखादा मिलिमीटर आत येते. हेच कारण आहे की घरी बसवलेले चाक रात्रभर भरलेले राहते आणि ट्रेलवर दोन-तीन किलोमीटर गेल्यावर बसते. म्हणून संशयित जागी टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवावा, म्हणजे आतली बाजू फुगून वर येईल, आणि उजेडात बारकाईने पाहावे. टोक एखाद्या काळसर ठिपक्यासारखे दिसते. मग बाहेरच्या बाजूने त्याच जागी पाहावे. तेथे तपकिरी रंगाचा छोटा गोल, म्हणजे मोडलेल्या काट्याचा छेद, दिसतो.

हे टोक काढण्यासाठी खेड्यांत पायातला काटा काढायला वापरतात तो चपट्या, अणकुचीदार तोंडाचा लोखंडी चिमटा सर्वांत उपयोगी पडतो. तो आठवडी बाजारात मिळतो आणि खिशात मावतो. टोक चिमट्यात येत नसेल तर जाड सुईने बाहेरच्या बाजूने आत ढकलावे आणि आतून ओढून घ्यावे. काढलेला तुकडा फेकण्यापूर्वी पाहावा: त्याचे टोक अखंड असेल तर काम झाले, आणि ते बोथट किंवा तुटके असेल तर उरलेला भाग अजून टायरमध्येच आहे.

भोकाच्या जागी काम झाले तरी तेथेच थांबू नये. ज्या वाटेवर एक काटा लागला, त्या वाटेवर दुसरा अर्धवट रुतलेला असतोच. संपूर्ण टायर बाहेरून पाहून, ओंजळभर रुंदीचा एकेक भाग वाकवत, प्रत्येक संशयास्पद ठिपका सुईने तपासावा. चांगल्या उजेडात या कामाला एका चाकासाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात. वारंवार पंक्चर होणाऱ्या सायकलींपैकी कितीतरी सायकली एवढ्या एका तपासणीने हंगामभर शांत झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हा भाग मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

ठिगळ न टिकण्याचे कारण

कारण सापडले, काटा निघाला, तरी ठिगळातूनच हवा जात असेल तर दोष बहुधा घाईचा असतो. ट्यूबचा पृष्ठभाग घासकागदाने ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या भागात खरवडावा, जेणेकरून चकाकी पूर्ण जाईल. ट्यूबवर साच्याची उठलेली रेघ असेल तर ती सपाट होईपर्यंत घासावी, नाहीतर त्या रेघेच्या कडेने हवा वाट काढते. सोल्यूशनचा पातळ थर लावून तो सुकू द्यावा. सोल्यूशन ओले असतानाच ठिगळ चिकटवणे ही सर्रास होणारी गोष्ट आहे. ते ओल्या डिंकासारखे काम करत नाही, त्यातला द्रव उडून गेल्यावरच ते ठिगळाशी एकजीव होते. उन्हाळ्यात दोन-तीन मिनिटांत होणारे हे काम थंड सकाळी पाच मिनिटे किंवा त्याहून अधिक घेते. बोट लावल्यावर चिकट लागेल पण ओले लागणार नाही, अशा वेळी ठिगळ बसवून मध्यापासून कडांकडे जोराने दाबावे. शेवटी थोडी टाल्कम पावडर लावावी, म्हणजे ट्यूब टायरला चिकटणार नाही.

सोल्यूशनची एकदा उघडलेली नळी पुढच्या हंगामापर्यंत आतल्या आत वाळून जाते. दर दिवाळीनंतर नवी घ्यावी.

सीलंट आणि ट्यूबलेस

कारणे शोधणे आवश्यक आहे, पण सासवड-सुप्याच्या माळांवर नियमित जाणाऱ्याला ते पुरेसे होत नाही, कारण काटे तेथे रोज नवे पडतात. तेथे सीलंट हाच खरा उपाय आहे. हे दुधासारखे पांढरे, लॅटेक्स असलेले द्रव टायरच्या आत फिरत राहते आणि काट्याच्या भोकातून बाहेर येताना गोठून ते बुजवते. काट्याने पडणारी भोके इतकी बारीक असतात की चालवणाऱ्याला ती कळतही नाहीत.

सर्वांत चांगली व्यवस्था ट्यूबलेसची. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले असतील तर 29 इंची आणि सव्वादोन इंच रुंद टायरमध्ये प्रत्येकी सुमारे 100 मिलिलिटर सीलंट भरावे. ट्यूबच नसल्याने ती चिमटण्याचा प्रश्न उरत नाही, त्यामुळे हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवता येते आणि मुरमावर सायकल फार सुरेख चालते. रिम जुनी असेल आणि इतका खर्च करायचा नसेल, तर साध्या ट्यूबमध्ये सीलंट घालावे. जाड व्हॉल्व्हच्या ट्यूबमधील वाल्वपिन कोणत्याही टायरच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या किल्लीने निघते. प्रेस्टाच्या बाबतीत मात्र पिन निघणारी ट्यूब मागून घ्यावी लागते. एक अडचण आधीच सांगितली पाहिजे: सीलंट घातलेल्या ट्यूबला चिरीतून द्रव बाहेर येत असताना ठिगळ नीट चिकटत नाही, त्यामुळे मोठी चीर पडली की ती ट्यूब बहुधा बदलावीच लागते.

‘ट्यूबलेस करूनही पंक्चर होते’ ही तक्रार नोव्हेंबरमध्ये हमखास येते. सायकल मार्चपासून घरात उभी असते, उन्हाळ्याच्या उष्णतेत सीलंट वाळून टायरच्या आत रबराच्या पापुद्र्यांसारखे पडलेले असते, आणि मालक ते आहे असे समजून निघतो. चाक कानाजवळ धरून हलवावे. द्रव खळखळल्याचा आवाज आला नाही तर सीलंट संपले आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दर दोन-तीन महिन्यांनी पाहावे, म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभी भरलेले सीलंट जानेवारीच्या अखेरीस पुन्हा थोडे वाढवावे.

ट्यूबलेस वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. सीलंट काट्याने पडलेले भोक बुजवते, काटा काढत नाही. कित्येक आठवडे चाललेल्या टायरच्या आत अनेक टोके शांतपणे उभी असतात. दगडाने टायरची कड कापली गेली आणि तातडीने आत ट्यूब घालावी लागली, तर ती सगळी टोके त्या ट्यूबमध्ये घुसतात आणि दहा मिनिटांत दुसरे पंक्चर होते. तशा प्रसंगी ट्यूब घालण्याआधी कापडाचा बोळा संपूर्ण टायरमधून फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा एखादा पातळ तुकडा ठेवला तर ट्यूब त्या फटीतून बाहेर फुगत नाही आणि घरापर्यंत सायकल नेता येते. अशा चिरा बहुधा कोयत्याने तिरप्या छाटलेल्या घाणेरीच्या खुंटांनी पडतात, म्हणून नुकत्याच साफ केलेल्या वाटेवर कडेला चाक नेऊ नये.

टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये घालायच्या पट्ट्या, म्हणजे लाइनर, सराट्यांवर चांगले काम करतात. बाभळीच्या लांब काट्यावर ते नेहमीच पुरत नाहीत, आणि त्यांची टोके एकमेकांवर येतात तेथे ट्यूब घासून फाटू शकते. लाइनर वापरणाऱ्याच्या ट्यूबवर आडवी, लांबट घासल्याची खूण दिसली तर दोष काट्याचा नसून लाइनरच्या कडेचा आहे; ती कड घासकागदाने गोल आणि पातळ करून घ्यावी.

वाटेवर असताना

काटा टायरमध्ये दिसत आहे आणि हवा अजून टिकून आहे, अशा वेळी काय करावे हा प्रश्न नेहमी विचारला जातो. सीलंट असेल तर काटा काढावा, भोक खाली येईल असे चाक फिरवून थोडा वेळ थांबावे आणि मग पुढे जावे. सीलंट नसेल आणि घर किंवा गाव जवळ असेल तर काटा तसाच राहू द्यावा, कारण बऱ्याचदा काट्यानेच भोक बंद करून ठेवलेले असते. सराटे अनेक असतील तर ही सूचना विशेष पाळावी.

सोबत एक ट्यूब, ठिगळांचा संच, टायर उतरवण्याचे दोन लिव्हर, पंप, चिमटा आणि सुती कापड असावे. ट्यूब उघडी ठेवू नये. पिशवीतल्या पान्यांशी घासून तिला वापरण्याआधीच भोक पडते. प्रेस्टा व्हॉल्व्ह असणाऱ्यांनी पितळी अडॅप्टर जवळ ठेवलाच पाहिजे. गावातल्या पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हलाच बसते, आणि अडॅप्टर नसेल तर समोर हवा असूनही चाक भरता येत नाही. तेथे हवा भरताना ‘थोडी थोडी सोडा, भाऊ’ असे आधीच सांगावे, कारण सायकलच्या टायरमध्ये मोटारसायकलच्या टायरपेक्षा कमी हवा मावते आणि कॉम्प्रेसरने दाब क्षणात गरजेपेक्षा जास्त होतो. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने चाक भरले असेल तर ते दुसऱ्या दिवशी नरम होईल; हा वायू ट्यूबच्या रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निघून जातो. त्याला पंक्चर समजू नये, घरी येऊन तो वायू सगळा सोडून द्यावा आणि पंपाने हवा भरावी.

वाटेच्या कडेला सायकल ओढत नेण्याऐवजी उचलून न्यावी, हे सराट्यांमुळे आलेच. या माळरानांवर गवतात जमिनीवरच घरटी करणारे पक्षी असतात, चिंकारा आणि लांडगे यांचा वावर असतो. त्यामुळेही मळलेली वाट सोडून नव्या वाटा पाडू नयेत, आणि वनविभागाच्या हद्दीत जाण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावेत.

सर्व काही तपासूनही हवा जात असेल तर

ट्यूबमध्ये भोक सापडत नाही, टायर स्वच्छ आहे, पट्टी ठीक आहे, तरीही सकाळी चाक अर्धे उतरलेले असते, अशी स्थिती थोड्या जणांची असते. अशा वेळी व्हॉल्व्ह पाहावा. त्याच्या तोंडावर साबणाचे पाणी किंवा थुंकीचा थेंब ठेवला आणि बुडबुडा आला तर पिन सैल आहे. ती किल्लीने घट्ट करावी, किंवा तिच्यावर सीलंट किंवा धूळ साचली असेल तर नवी बसवावी. प्रेस्टा व्हॉल्व्हची वरची छोटी चकती हवा भरल्यानंतर घट्ट करायची राहिली असेल तर तेथूनही हवा झिरपते. ट्यूबलेस चाकात व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि रिमच्या आतल्या पट्टीच्या जोडाजवळ साबणाचे पाणी लावून पाहावे. स्पोकच्या टोकांजवळून बुडबुडे येत असतील तर रिमची पट्टी उचलली गेलेली आहे. ती काढून, रिम स्पिरिटने पुसून, कोरडी करून नवी पट्टी ताणून बसवावी लागते आणि ती व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर एकमेकींवर येईल अशी ठेवावी.

आणि टायरची नक्षी मध्यभागी सपाट झाली असेल, कडांना बारीक भेगा पडल्या असतील किंवा आतला धागा दिसू लागला असेल, तर वरीलपैकी कोणताही उपाय फार काळ चालणार नाही. मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर झिजतो, म्हणून दोन्ही एकदम बदलण्याची गरज नसते. मागे नवा घालावा आणि पुढचा आणखी एक हंगाम वापरावा.